मोजणीवाली होडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. वय विचारू नका. विचारलंत तर दर वेळी वेगळं सांगेन. सिद्धगडाच्या पायथ्याशी पंढरी सुताराने मला सागाच्या एकाच झाडातून काढलं. ते झाड एवढं मोठं होतं की उरलेल्या लाकडात गावातली सगळी दारं आणि एक बैलगाडी झाली. मोठ्या पुराच्या वर्षी मी वाहत वाहत सिद्धगडाच्या माथ्यावर गेले होते. मी वर गेले की गड खाली आला, ते अजून ठरायचं आहे. खोटं वाटत असेल तर गडाला विचारा.

पण यापुढे जे सांगते, त्यात चिमूटभर मीठसुद्धा घातलेलं नाही.

माझा मालक देवजी. काळू नदीच्या डोहात त्याने माझ्यावरून पस्तीस वर्षं जाळं टाकलं आणि माणसं पलीकडे नेली. एकदा नवरदेव नेला, एकदा म्हैस नेली. नवरदेव रडत होता, म्हैस शांत होती. काठावरची माणसं म्हणायची, “होडी असावी तर देवजीची!” मग पूल झाला. लोक पुलावरून जाऊ लागले आणि माझ्याकडे बघेनासे झाले. देवजीने मला अंगणात पालथी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्या होडीने इतकी स्तुती ऐकली, तिने आता कोंबड्यांचं आरडणं ऐकायचं!

गेल्या कार्तिकात एका सकाळी देवजी माझ्या पाठीवर बसून फोनवर बोलत होता. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा. त्यामुळे मलाही सगळं कळलं. नदीच्या खालच्या अंगाला एका शहरी माणसाचं फार्महाऊस आहे. तो सांगत होता, “काका, शनिवारी करवतवाला येतोय. होडी मधोमध कापू, आत बर्फ भरू, वर काकडी-टोमॅटो मांडू. पाहुणे फोटो काढतील. टेम्पो पाठवू का?”

“टेम्पो नको,” देवजी म्हणाला. “मी पान्यातून आनतो.”

माझ्या फळ्या गार पडल्या. आणि पाण्यातून का? रस्ता आहे, टेम्पो आहे, मग पाण्यातून का? त्यानंतर त्याने मला सुलटं केलं, भेगा बुजवल्या, डांबर लावलं. त्याच्या बायकोने, हिराबाईने, मांडवाच्या जुन्या लाल-पांढऱ्या कापडाचं शीड शिवलं. एवढे लाड कशासाठी? बोकडाला हळद लावतात, त्याच्या मागोमाग काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

बुधवारी सकाळी दोघं निघाली. सकाळी घाटाकडून वारा खाली सुटतो आणि दुपारी समुद्राकडून उलटा येतो. म्हणून सकाळी शीड उभारायचं, दुपारी काठावर भाकरी खायची, असा चार दिवसांचा बेत. खडक आले की दोघं उतरून मला ओढत. बाकी वेळ मागे बसून एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत. मी जरा करकरले की गप्प होत. मग तर माझी खात्रीच पटली. देवजीच्या हातात एक बांबू होता, हातहातभर अंतरावर लाल-पांढरे पट्टे मारलेला. तो पाण्यात बुडवून ओरडायचा, “तीन हात!” हिराबाई त्याहून मोठ्याने ओरडायची, “तीन हात!” मला वाटलं, माझ्या कापणीचं माप ठरतंय. मी दोनदा मुद्दाम वाळूत रुतले. देवजीने गुडघाभर पाण्यात उतरून मला मोकळं केलं आणि शिवीसुद्धा दिली नाही. त्याचाही मला संशय आला.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एका वाडीजवळ आलो. त्या खोऱ्यात धरण होणार, धरण होणार, असं फार वर्षं चाललं आहे. कुणी पट्ट्यापट्ट्यांची काठी काढली की सगळी वाडी धावून येते. आता आम्ही कसे दिसत होतो ते तुम्हीच बघा. लाल-पांढरं शीड, लाल-पांढरी काठी, एक जण माप सांगतोय आणि दुसरी मोठ्याने ते परत सांगतेय.

नदीपलीकडे बायका भात कापत होत्या. विळे घेऊन छातीएवढ्या पाण्यातून त्या थेट माझ्यापर्यंत आल्या. पुढे होती देवकी, आवाज तिचाच सगळ्यात मोठा.

“थांबवा ती होडी! कोन्त्या ऑफिसातनं आलात?”

“ऑफिस कसलं? आमी वरच्या गावचे,” हिराबाई म्हणाली.

“मग काठी कशाला? हा म्हातारा माप सांगतो अन् तू लिवून घेतेस!”

“मला लिवता येत नाय गो! यांना ऐकू येत नाय, म्हनून ऐकलं की वराडून सांगते.”

“मागच्या टायमाला आलेला पन असाच बोलला. म्हने, पाखरं बघतो. तो पाखरं बघून गेला अन् पाठोपाठ शेतात धरनाच्या खुंट्या आल्या. चढा गो सगळ्या! होडी जप्त!”

एकदम नऊ जणी माझ्यात चढून बसल्या. देवकीने बांबूकडे बोट दाखवलं. “मोजनीवाले नाय ना? मग ती काठी मोडा. मोजनीवाला जीव देईल, काठी नाय देनार.”

देवजीने बांबू छातीशी धरला. “ही मोडली तर म्होरं खडकांतून जानार कसं?”

“बघा, कशी धरलीय! एवढी काठी प्यारी, तर आमी होडीच फोडतो!” एकीने माझ्या फळीवर विळा टेकवला. पुढे करवत, इथे विळे.

हिराबाई उठली. तिने देवजीच्या हातातून बांबू ओढला आणि गुडघ्यावर धरून काडकन मोडला.

मग देवकीने जरा नरम आवाजात विचारलं, “चाललात तरी कुठं?”

दोघं परत कुजबुजू लागली.

“कुजबुजायचं नाय! मोठ्यानं बोला!”

तेव्हा हिराबाईने फार्महाऊसचं सगळं सांगितलं. “हे पस्तीस वर्षं नदीत अन् मी काठावर. होडी जायच्या आधी एकदा मला न्या, म्हनलं. म्हनून पान्यातनं आलो.”

“अन् कापायला देताय हिला?”

देवजी खाली बघत म्हणाला, “अंगनात भिजून सडते. मला आता उचलवत नाय. तिथं छपराखाली तरी राहील, असं वाटलं.”

मित्रांनो, मी तीन दिवस या माणसाला वाळूत रुतवत आणलं होतं!

देवकी आपल्या पायांकडे बघत होती. “ए गो, बघा. नऊ जनी बसलोय अन् सगळ्यांचे पाय सुकाय लागलेत.” बाकीच्याही खाली बघू लागल्या. रोज दोनदा भाताचे भारे डोक्यावर घेऊन त्या ही नदी ओलांडत. गेल्या साली मीना नावाची त्यांच्यातलीच एक वाहून जाता जाता वाचली होती. ती माझ्या फळीवर हात ठेवून बसली होती.

हिराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. “आवो, फोन लावा.”

“शब्द दिलाय मी.”

“शब्द तुमी दिलाय. शीड मी शिवलंय.”

तिनेच फोन घेतला. “होडी नाय येनार. धरलं आमाला. हो, नऊ बाया हायेत. विळे हायेत. येताय का सोडवायला?”

पलीकडून फोन बंद झाला. बायका अशा हसल्या की मी उलटता उलटता राहिले.

आता मी त्या वाडीच्या उतारावर असते. सकाळी बायका नेते, संध्याकाळी भारे आणते. देवजी आणि हिराबाई पावसाआधी एसटीने डांबराचा डबा घेऊन येतात. देवजी मला घेऊन पळेल असं देवकीला अजून वाटतं. ती मला दोन दोर बांधते आणि दोघं जाईपर्यंत काठावरून हलत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात काही जुनं असेल, होडी असो की माणूस, तर त्याच्यासमोर कुजबुजून काही ठरवू नका. होडी असेल तर आधी तिच्यात बसा. माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा. आणि मग जे काय असेल ते त्याला ऐकू जाईल असं बोला.