ब्राइटहॉर्नवीराचा सत्कार

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळाला सत्काराला निमित्तच लागतं. श्रीनिवासने ते मुद्दाम पुरवलं असं कुणी म्हणू नये; त्याने फक्त 'नाही' म्हटलं नाही.

ब्राइटहॉर्न हे आल्प्समधलं चार हजार मीटरच्या वरचं शिखर, पण त्यातल्या त्यात सोपं. केबल कार बरंच वर नेऊन सोडते, उरलेलं बर्फावरून एकमेकांना दोरीने बांधून चालायचं. श्रीनिवास वर्षभर जिममध्ये घाम गाळत होता आणि दिसेल त्याला ते ऐकवत होता. प्रत्यक्षात केबल कारमधून उतरताच त्याला गरगरायला लागलं. गाइडने त्याला तिथल्याच कॅफेत बसवलं. वर गेली ती त्याची बायको सुलक्षणा, जी निव्वळ सोबत म्हणून आली होती. वारा फार म्हणून तिने त्याचं लाल जॅकेट अंगावर चढवलं.

शिखरावरचा तिचा फोटो त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तोही कौतुकानेच. पण हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत मफलर. आत कोण आहे हे कुणाला कळणार? पहिलं अभिनंदन त्याच्या नावाने आलं, मग रीघच लागली. तो चूक दुरुस्त करणार होता, अगदी देवाशपथ. पण लोक शूर म्हणताहेत म्हटल्यावर त्याचा हात अडखळला आणि नमस्काराची इमोजी गेली. आयत्या बिळावर नागोबा! सुलक्षणाने ते वाचलं आणि लाल जॅकेट घडी करून त्याच्यापुढे ठेवलं.

गणेशोत्सवात, भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये, अध्यक्षा वैभवीताईंनी त्याला शाल पांघरवली, नारळ दिला. सुलक्षणाला 'खंबीरपणे पाठीशी उभी राहणारी' म्हणून गुलाबाचं फूल. श्रीनिवासला इतकी लाज वाटली की त्याचे कान तापले. आता सांगूनच टाकायचं, असं ठरवून त्याने माइक हातात घेतला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "याचं सगळं श्रेय सुलक्षणाला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक नवरा हेच म्हणतो, आणि आजवर कुणीही ते खरं मानलेलं नाही.

"पुढे बोल," सुलक्षणा शेजारून हळूच म्हणाली. "एकच वाक्य राहिलंय."

श्रीनिवासने घसा खाकरला. समोर सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. "धन्यवाद," तो म्हणाला आणि त्याने माइक परत दिला.

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. या खेपेला सुलक्षणाही वाजवत होती, परक्या वक्त्यासाठी वाजवतात तशा.