चॉकलेटवरचं झाकण

अक्रोड वजनकाट्यावर मोजणारी सून साऱ्या जगात आपल्याच वाट्याला का यावी, हा प्रश्न मुकादमबाईंचा सकाळपासून चार जणांना विचारून झाला होता. मुलाला विचारला, तो वर्तमानपत्रात शिरला. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला विचारला, ती नुसती हसली. नवऱ्याला विचारला, तर त्यांनी कानातलं यंत्र काढून पुसायला घेतलं. चौथ्यांदा त्यांनी तो ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेच्या पाठीलाच विचारला. पाठ अक्रोड मोजत राहिली.

एका खजुरात सहा ग्रॅम अक्रोड. पाच नाही, सात नाही. सून काट्यावर तुकडा ठेवायची, आकड्याकडे बघायची, कणभर काढायची, पुन्हा बघायची. दाराजवळच्या स्टुलावर बसून मुकादमबाई हे सगळं बघत होत्या आणि त्यांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

मुकादमबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. चॉकलेटच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, तीही बुडवणीच्या टेबलावर, जिथे बदाम, अक्रोड, संत्र्याची साल एकेक करून पातळ चॉकलेटात बुडवून काढायची असते. त्यातली शेवटची अकरा वर्षं त्या टेबलाच्या मुकादम होत्या, म्हणून घरीदारी तेच नाव पडलं. शाळा तिसरीपर्यंत. पण नोकरीवर घेताना साहेबाने दाखला मागितला नव्हता, हात मागितला होता. क्षणभर तो आपल्या हातात धरून बघितला आणि म्हणाला, उद्यापासून ये. ज्याचे हात गार, त्याच्याच हातात चॉकलेट टिकतं. हा किस्सा सुनेने लग्नापासून निदान चाळीस वेळा ऐकला होता.

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं घर गोळा व्हायचं, आणि त्या दिवसासाठी पत्र्याचा मोठा डबा भरायचा तो मुकादमबाईंनीच. त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलेलं त्यांना चालत नसे. यंदा मात्र डबा सुनेकडे गेला होता, आणि त्याला कारण होते घड्याळजी.

घड्याळजी म्हणजे मुकादमबाईंचे यजमान. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. लग्नाआधी मुकादमबाई सुट्टी झाली की त्यांच्या दुकानावरून जायच्या आणि कारखान्यात बाजूला काढलेले तुटके तुकडे कागदात बांधून त्यांच्या पुढ्यात ठेवायच्या. ते तुकडे ते स्प्रिंगांच्या खणात जपून ठेवायचे. त्या वर्षी दुरुस्त होऊन गेलेल्या कित्येक घड्याळांना म्हणे चॉकलेटचा वास यायचा. अशा माणसाच्या रक्तात दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. गेल्या सुट्टीत डबा उघडला तसे ते उठले, "जरा हवा खाऊन येतो" म्हणाले आणि सपाता घालून जिन्यात जाऊन उभे राहिले. टेबल आवरेपर्यंत, चांगला अर्धा तास.  मुकादमबाईंनी तेवढं बघितलं आणि पोटात ठेवलं.

महिन्याभरापूर्वी जेवताना सुनेने जाहीर केलं की यंदाचा डबा ती करणार. साखर नाही. जवळजवळ बिनसाखरेचं काळं चॉकलेट, खजूर, भाजलेला सुकामेवा, आणि सगळं मोजून. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, तिथल्या डॉक्टरांना विचारून तिने बाबांसाठी दोन नग मंजूर करून आणले होते.

बेत खरं तर चांगला होता. पण तो आपल्याला सुचला नाही, हे मुकादमबाईंना झोंबलं. "कर बाई," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी हातसुद्धा लावणार नाही." आणि एकदा म्हटलं की त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तर आता दुपारचे तीन वाजले होते. दुकानं बारालाच चार दिवसांसाठी बंद झाली होती. सहाला लेक, जावई, नातवंडं यायची होती. सुनेने गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून त्यात सगळं चॉकलेट वितळवलं. छान वितळवलं, अगदी आरशासारखं, हे मुकादमबाईंना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. तेवढ्यात सुनेचा फोन वाजला, प्रयोगशाळेतून. बोलायला ती बाहेर वळली, आणि जाता जाता तिने वाडग्यावर झाकण ठेवलं.

प्रयोगशाळेत काही उघडं ठेवत नाहीत. घरीही ती दुधावर, डाळीवर, पाण्याच्या पेल्यावरसुद्धा झाकण ठेवायची. तो तिच्या हाताचा धर्मच होता.

मुकादमबाईंचं तोंड उघडलं. वाफ झाकणाला धरणार, तिचे थेंब होणार आणि ते चॉकलेटात पडणार, आणि थेंबभर पाण्यानेही चॉकलेट बिघडतं. कारखान्यात एका ओल्या बाहीपायी त्यांनी एका पोरीला टेबलावरून उठवलं होतं. हात लावणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या, तोंडाबद्दल काहीच ठरलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांनी तोंडही त्याच शपथेत गुंडाळलं आणि मिटलं.

सून परत आली, झाकण उचललं, त्याच्या आतून थेंब ठिबकले, तिने चमचा फिरवला. दुसऱ्या फेऱ्यालाच चमच्याचा आवाज बदलला. बघता बघता आरशाचा चिखल झाला, घट्ट, रवाळ, चमच्याला चिकटून बसणारा. सुनेने जोरात ढवळलं, तसा तो आणखी घट्ट झाला. जे बघायला मिळावं म्हणून मुकादमबाई सकाळपासून स्टुलावर बसल्या होत्या ते समोर घडत होतं, आणि आता बघवत नव्हतं.

सून रडली नाही. चमचा ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली. हळूच म्हणाली, "म्हणजे बाबांनी यंदाही जिन्यातच उभं राहायचं, आई."

म्हणजे हिनेही पाहिलं होतं. वर्षभर तिनेही ते पोटात ठेवलं होतं, आणि ही सारी मोजामोज त्यासाठी होती.  सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचा माल त्यांनी फुकट जाऊ दिला नव्हता. आज नुसतं तोंड मिटून घालवला होता.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "किटलीत पाणी उकळ."

सुनेने चमकून वर बघितलं. "पाण्यानेच तर बिघडलं ना?"

"थेंबाने बिघडलं. चमच्याने सुधारेल. ऊठ म्हणते ना."

एक चमचा उकळतं पाणी, ढवळ. आणखी एक, ढवळ. मुकादमबाई स्टुलावरूनच हुकूम सोडत होत्या, कारण हातांची शपथ अजून शाबूत होती. चौथ्या चमच्याला चिखल सैल पडला, सहाव्याला मऊ, चकचकीत झाला. हे आता खजूर बुडवायच्या कामाचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पण भरलेले खजूर बारीक चिरून यात मिसळ, खिडकीत गार कर आणि गोळे वळ, वरून भाजलेल्या बदामाचा चुरा.

सुनेने सगळं केलं. वळायला मात्र जमेना. तिचे हात गरम. गोळा तळहातावर वितळायचा, बोटांना चिकटायचा. पहिला कसाबसा झाला, तोही एका बाजूने चपटा. दुसरा झालाच नाही. तिसऱ्याला ती कोपरापर्यंत माखली. घड्याळात साडेचार झाले.

मुकादमबाई स्टुलावरून उठल्या. बाह्या वर केल्या, नळाखाली हात धरले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले आणि सुनेला कोपराने बाजूला सारलं. पहिला गोळा तीन वळशांत गरगरीत होऊन ताटात पडला. सवयीने सुनेने तो काट्यावर ठेवला. अठरा ग्रॅम. दुसरा, अठरा. तिसरा, अठरा. पाचव्यानंतर तिने काटा बाजूला सरकवला आणि म्हणाली, आता मोजायची काय गरज.

"मोज," मुकादमबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यांच्या रक्ताला माझ्या अंदाजाचं काय कौतुक?"

पुढचा तासभर हेच चाललं. एकीने वळायचं, दुसरीने मोजायचं. मधे एकदा सुनेच्या गालावरचा डाग मुकादमबाईंनी मनगटाने पुसला आणि तो जास्तच पसरला. दोघींनी तो तसाच राहू दिला.

संध्याकाळी टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने बसले. मुलाने डबा आणून मधोमध ठेवला, तसे घड्याळजी खुर्चीच्या पाठीवरची शाल ओढून उठू लागले. मुकादमबाईंनी शालीचं दुसरं टोक धरून त्यांना खाली बसवलं. त्यांच्या पुढ्यात बशी सरकवली. बशीत दोन गोळे होते, एक गरगरीत आणि एक चपटा. घड्याळजींनी आधी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली.

त्यांनी चपटा उचलला, दिव्यापाशी धरून घड्याळजीच्या नजरेने निरखला. "तुटका आहे?" त्यांनी बायकोला विचारलं.

मुकादमबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "हिने वळलेला पहिला," त्या म्हणाल्या.

त्यांनी तो डोळे मिटून सावकाश खाल्ला. दुसरा त्याहून सावकाश. मग हात आपसूक डब्याकडे निघाला, सुनेने नुसतं बघितलं, आणि हात मुकाट्याने परत आला. नातवंडं हसली, तेही हसले. बश्या उचलून झाल्या, जावयाचे विनोद संपले, तरी ते जागचे हलले नाहीत. दाराशी सपाता होत्या तशाच पडून होत्या.

तेव्हा मुकादमबाईंनी टेबलावर बोट आपटलं आणि सगळ्यांदेखत सुनेकडे वळल्या.

"ऐक. वाडग्यावर झाकण ठेवलंस, ती तुझी चूक. ठेवताना मी पाहिलं आणि गप्प बसले, ती माझी, आणि तुझ्यापेक्षा मोठी. तुझे हात म्हणजे तापलेला तवा, माझ्या टेबलावर मी तुला एक दिवस टिकू दिलं नसतं. पण हे आज जिन्यात गेले नाहीत. तेव्हा पुढच्या वर्षीही डबा तुझाच आणि काटाही तुझाच. मी फक्त हात लावीन."