केळ्यावरचा सराव

आई गेल्यावर मेहरूणमधलं तिचं पार्लर सुनितामावशी बघू लागली. कॉलेजमधले तास संपले की मी तिथे जाऊन बसते. दार उघडं दिसलं की बरं वाटतं.

परवा मावशी धुळ्याहून एका दिवसाचा कोर्स करून आली. पिशवीत सर्टिफिकेट, हातात बिनसुईच्या फिलरचं पेन. ओठावर टेकवायचं, खटका दाबायचा, की दाबानं जेल आत जातं.

यावलच्या मामांची दिपमाला केळ्यांची फणी घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा साखरपुडा.

"आत्या, ओठ जरा भरून दे गं. फोटोत माझं तोंड पोस्टाच्या पेटीसारखं दिसतं."

"जेल रक्तवाहिनीत गेलं तर?" मी विचारलं.

"सुई नही, तं धोका कसाना? सरनी बठ्ठं शिकाडं. सर्टिफिकेट शे ना!" मावशी तिच्या अहिराणीत म्हणाली.

"शिकवलं कशावर?"

मावशी जरा घुटमळली. "केळावर."

दिपमाला हसता हसता खुर्चीतून घसरली. पण उठून पुन्हा तोंड पुढे करून बसली. मला हसू आलं नाही.

आईचा नियम होता : नवीन काहीही आधी स्वतःच्या डाव्या हातावर लावायचं, मग सकाळपर्यंत थांबायचं. मावशीनं सवयीनं कोपऱ्यातल्या आईच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मग केळ्यावरच करून दाखव," मी म्हणाले.

खट्, खट्. सालीवर साधा डागही नाही.

"पाह्य!"

"सकाळी पाहू."

दिपमालानं गाल फुगवले, पण मुक्कामाला राहिली.

सकाळी साल त्या जागी काळी पडली होती. सोललं तर आत पाणथळ लगदा.

"आत्या, हा माल कुणी ट्रकमध्येही चढवणार नाही," केळीवाल्यांची पोर म्हणाली आणि नकळत तिनं ओठ मिटून घेतले.

"माणूस काय केळं शे का?"

"नाही ना," मी म्हणाले. "पण तू शिकलीस ते केळ्यावरच."

मावशीनं तो लगदा बोटानं दाबून पाहिला. मग पेन डब्यात घालून म्हणाली, "हाई डॉक्टरनं काम शे." सर्टिफिकेटही त्याच डब्यात गेलं.

तिनं आईची लिपस्टिक काढली. ओठांच्या कडेच्या किंचित बाहेरून रेघ ओढायची, म्हणजे ओठ भरलेले दिसतात, हे आईचंच. पण आधी मावशीनं तो रंग स्वतःच्या डाव्या मनगटावर ओढला आणि गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं.

"सकाळलोंग थांबू का?"

"आत्या!" दिपमाला ओरडली. "साखरपुडा आज आहे!"