बाबांची दाढी

राजाराम मेश्रामांना पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले होते. काठीच्या आधाराने चालणं सुरू झालं, उजव्या हाताची बोटं थोडी वळू लागली, पण बोलणं काही परत आलं नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत लांबलचक टिपणं लिहिलेल्या माणसाकडे आठ-दहा शब्द तेवढे उरले होते. करोल बागेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांची मुलगी उन्नती आपली नोकरी सांभाळून त्यांचं सगळं बघायची.

त्या आठवड्यात त्यांनी एकच धोशा लावला. ‘दाढी.’

उन्नती रोज सकाळी त्यांची दाढी करायची. त्यांनी पुन्हा म्हटलं म्हणून एकदा तिने संध्याकाळीही साबण लावला, तर त्यांनी चिडून ब्रश ढकलला. मग म्हणाले, “भूषण. दाढी.”

बुद्धभूषण हा तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेची तयारी अर्धवट सोडून तो नोएडात एका कंपनीत लागला होता. राजाराम त्याला नको ते बोलले आणि तो बॅग भरून निघून गेला. वडील दवाखान्यात असताना रोज आला, औषधं आणून दिली, डॉक्टरांशी बोलला, पण खोलीत पाऊल टाकलं नाही.

हल्ली त्याने दाढी वाढवली होती. फोनवर त्याचा फोटो बाबांना दाखवल्याचं उन्नतीला आठवलं. तेच त्यांना खटकलं असणार, असं धरून तिने भावाला तसा निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘अच्छा. म्हणजे अजून माझ्यात चुकाच दिसतात त्यांना.’ पुढे त्याने फोनच घेतला नाही.

रविवारी सकाळी वर्ध्याहून कल्पनाआत्याचा फोन आला. आत्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. उन्नतीने तिला सगळं सांगितलं.

“पोरी, तू पार दिल्लीची झालीस,” ती म्हणाली. “दाढी म्हणजे नुसते केस नाहीत. आपल्या गावाकडे हनुवटीलाही दाढीच म्हणतात. दाढी धरणं म्हणजे विनवणी करणं. तुझ्या बापाच्या तोंडून एवढं मोठं वाक्य निघत नसेल. भूषणची दाढी धर, म्हणतोय तो.”

मग शिकवण्याची सवय जाईना म्हणून आत्याने शब्दाचं मूळही सांगितलं. संस्कृतातली दंष्ट्रा प्राकृतात दाढा झाली, तिची मराठीत दाढ. दाढी त्याच घरातली. म्हणजे नातं मुळात दातांशी, जबड्याशी, केस नंतरचे.

उन्नतीने फोन ठेवला आणि बाबांसमोर खाली बसली. “भूषणला घरी ये म्हणू का? तुमच्या वतीने विनवू?”

राजारामांनी डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले. आपल्या बापाने आजवर कुणाला विनवल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

शेजारच्या कल्राआंटींना बाबांजवळ बसवून तिने मेट्रो पकडली. बुद्धभूषणने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. तिने उंबऱ्यातच माफी मागितली, निरोप आपणच चुकीचा समजलो हे सांगितलं आणि आत्याचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं.

“हे बाबा म्हणाले?” त्याने विचारलं.

“एका शब्दात म्हणाले. मलाच कळायला आठवडा लागला.”

तो भिंतीला टेकून उभा राहिला. “मी खोलीच्या दारापर्यंत यायचो, ताई. हाकलून देतील म्हणून परत फिरायचो. बोलता येत नाही, हे माहीत असूनसुद्धा.”

दुपारी दोघं घरी पोचली. राजाराम उठायला काठी शोधू लागले, ती सापडेना, तेव्हा बुद्धभूषणच पुढे होऊन त्यांच्या पायाशी बसला. कल्राआंटी हळूच निघून गेल्या. उन्नतीने वरण-भात वाढला, भावाने वडिलांना भरवला. मध्येच ठसका लागला तेव्हा तो घाबरला. पाठ कशी थोपटायची ते तिने दाखवलं.

निघताना तो म्हणाला, दर गुरुवारी येऊन बोलण्याचा सराव मी घेईन. त्या गुरुवारी त्याची मीटिंग लांबली आणि तो आला नाही. राजाराम रात्रीपर्यंत दाराकडे बघत बसले. शुक्रवारी संध्याकाळी तो आला, चप्पल काढता काढताच उशीर झाल्याबद्दल बोलू लागला, आणि राजारामांनी पलंगावर सरकून त्याला जागा करून दिली.