विसावं पाऊल

खोटं बोलायला मला अजिबात वेळ लागला नाही, याचाच मला जास्त राग येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. राहते धुळ्यात, रोज सकाळच्या एसटीने गावात येते. मे महिन्यात आम्हाला उन्हातान्हाचं दारोदार फिरून मुलं गोळा करावी लागतात. यंदा शाळेत एकोणीस नावं झाली होती. वीस भरली नाहीत तर शाळा शेजारच्या गावाला जोडतील, असं मुख्याध्यापक रुपचंद सर रोज ऐकवायचे. मधला नाला पोरं पावसाळ्यात कशी ओलांडणार, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

विसावं नाव मोहिनीचं. तिची आजी प्रमिलाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. घरात इंग्रजी शाळेच्या गाडीची चौकशीही झाली होती. मी नेहमीचं सगळं सांगितलं: मूल दिवाळीपर्यंत वाचायला लागतं, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्हनी आंडेर कोठे जास?"

माझी मुलगी भाविका. तीही यंदा पहिलीत जाणार होती, पण धुळ्यातल्या इंग्रजी शाळेत. त्या फीपायी माझ्या नवऱ्याने, ज्ञानेश्वरने, नवी मोटरसायकल घ्यायचा बेत सोडून दिला होता.

"यंदा माझ्याच वर्गात घालतेय," मी म्हणाले.

"मंग झायं. जठे तुम्हनी आंडेर, तठे मनी नात."

भाविकाला इंग्रजी शाळेत घातलं, ते मी वाईट शिकवते म्हणून नव्हे हो. माझ्या वर्गातली पोरं धडाधड वाचतात. भाविका इंग्रजी कविता घडाघड म्हणते आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे बघते. हे सगळं मला दिसतं. तरी तिला माझ्या वर्गात बसवायला मन धजत नाही. उद्या चारचौघांत तिला इंग्रजी बोलता आलं नाही तर? 'जगाची पोरं शिकवलीस, माझ्याच वेळी हात आखडलास,' असं तिने म्हटलं तर? या भीतीपुढे माझी अक्कल चालत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आमच्याकडे नव्या मुलाचं पहिलं पाऊल उमटवतात. ताटात कुंकवाचं पाणी, शेजारी पांढरा कागद. मोहिनीचे दोन्ही पाय ताटात होते. तेवढ्यात प्रमिलाबाईने तिचा दंड धरला.

"थांबा बाई. पहिले तुम्हनी आंडेरना पाय उमटू द्या, मंग हिना. कोठे शे ती?"

ताप आलाय म्हणून सांगता आलं असतं. पण मोहिनी माझ्याकडे बघून हसत होती. मला लाज वाटली.

"अक्का, ती इथे नाही येणार. ती इंग्रजी शाळेत जाते. मी खोटं बोलले."

प्रमिलाबाई ओरडली नाही. "मंग तुम्ही चांगलं शिकाडतस नही का?"

"चांगलं शिकवते."

"मंग ते तुम्हनी आंडेरले का बरं पुरत नही?"

तिने मोहिनीला तशीच उचलून कडेवर घेतलं. ओले लाल पाय तिच्या लुगड्याला लागले, तिकडे तिने पाहिलंही नाही. दोघी फाटकातून बाहेर गेल्या. कागद कोराच राहिला.

रुपचंद सर घाम पुसत म्हणाले, "उद्या पुन्हा जाऊन या तिच्याकडे. तुमचं लोकांना पटतं."

संध्याकाळी भाविका नव्या बुटांत घरभर मिरवत होती. माझ्या मांडीवर येऊन बसली.

"आई, तुझ्या शाळेत किती मुलं आली?"

"एकोणीस."

"एकोणीस म्हणजे किती?"

"नाइन्टीन."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "मग मी आले असते तर ट्वेंटी झाले असते ना?"