बाळाची गादी

सुनेनं सासूनं आणलेली खेळण्यांची दोन्ही खोकी उचलली आणि सासूच्या मांडीवर आदळली.

"यंदा नाही, आई. महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं मी."

"पोरांच्या तोंडचा घास काढतेस," सासू म्हणाली.

"खेळणी खात नाहीत आमच्याकडे."

नाताळाच्या महिन्याची सुरुवात झाली ती अशी. एक तारीख, सकाळचे नऊ, आणि दोघी एकमेकींकडे असं बघत होत्या, की मधे दूध ठेवलं असतं तर नासलं असतं. नवरा लिफ्टचा मिस्त्री. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा त्याला पगार मिळायचा, पण घरात हा गडी स्वतःच अडकलेला. त्यानं बूट चढवले आणि तो कामाला निघून गेला.

सुनेचा राग उगाच नव्हता, हेही सांगायला हवं. गेल्या नाताळात पाळकांनी भर उपासनेत तिच्या लेकीला, ठकीला विचारलं होतं, "सांग बरं, आज कोणाचा वाढदिवस?" ठकी तेव्हा पाच वर्षांची. खणखणीत आवाजात म्हणाली, "पोतंवाल्या आजोबांचा!" चर्च हसलं. सासू तर डोळे पुसपुसून हसली. सुनेला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, की पुढच्या नाताळात पोरीला येशू हवाहवासा वाटला पाहिजे. बाकी सगळं गेलं चुलीत.

युक्ती दिली ती पाळकांच्या बायकोनं. घरात एक रिकामी गव्हाण ठेवायची, जन्मल्यावर येशूला निजवलं होतं तशी. मुलानं चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी आत. नाताळाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाळ येशूची मऊ गादी तयार. किती साधी गोष्ट! पण साधी गोष्ट साधी राहू देईल तर ती ही बाई कसली? शर्टांच्या कारखान्यात अकरा वर्षं चेकर होती ती. शिवणीवरून नुसतं बोट फिरवून उसवलेला टाका सांगायची. एक बटण वाकडं दिसलं, की अख्खा शर्ट माघारी.

"नुसतं पास, पास म्हणत बसलं तर ती तपासणी कसली?" ती नवऱ्याला म्हणाली. आणि तिनं नियमाला आपलं शेपूट जोडलं. चांगलं काम, काडी आत. वाईट काम, काडी बाहेर.

नवऱ्यानं जुन्या खोक्याच्या फळ्यांची गव्हाण ठोकून दिली. ती जेवणाच्या टेबलावर ठेवली गेली, आणि शेजारी पेंढ्याची पिशवी.

पहिला आठवडा दृष्ट लागावी असा गेला. ठकीनं आजीच्या चपला आणून दिल्या, धाकट्या भावाला खिडकीजवळची जागा दिली, न सांगता ताट धुतलं. चौदा काड्या झाल्या. रोज शाळेतून आली, की दप्तरही न काढता ती गव्हाणीत हात घालून बघायची.

"मम्मी, एवढ्यावर झोपला तर त्याला टोचेल का गं?"

"टोचेल ना. म्हणून तर शहाण्यासारखं वागायचं."

पोरीच्या कपाळावर आठी पडली. सुनेला वाटलं, लागली बरं पोरीला देवाची गोडी! शिवणीतला टाका ओळखणाऱ्या बाईला एवढं कळू नये?

पुढे घसरण सुरू झाली. धाकटा तीन वर्षांचा, हात लावील त्याची वाट लावणारा. ठकीनं त्याला ढकललं. काडी बाहेर. दात न घासता घासले म्हणाली.

"खोटं एक आणि दात एक," सून म्हणाली. दोन काड्या बाहेर.

सासूला राहवलं नाही. "अगं, लेकराच्या अंगाखालची गादी ओढणारी तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?"

"मी आई आहे तिची."

"आई मलाही होती. तिनं नाही ओढली कधी."

"म्हणूनच तुमच्याकडे नाताळ म्हणजे खोकी न् खाऊ!"

दुसऱ्या दिवशी सासूनं सगळ्यांची नजर चुकवून मूठभर पेंढा गव्हाणीत कोंबला. म्हातारीचा जीव, दुसरं काय! सून कामावरून आली, बोट फिरवलं आणि तिला कळलं. सासूकडे बघत, ठकीच्या समोर, तिनं तो उपसून काढला.

"ही फसवणूक आहे. येशूला फसवलेलं चालत नाही."

"मी नाही टाकला, मम्मी," ठकी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुला कोण बोललंय?" सून खेकसली. बोलणं सासूला होतं, लागलं पोरीला. सासू उठून आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार आपटलं.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता, चर्चला निघायच्या आधी, सगळे टेबलाभोवती उभे राहिले. गव्हाणीत तीन काड्या होत्या. ठकीच्या हातात बाळ येशूची मातीची मूर्ती. प्रार्थना म्हणून बाळाला बोलवायचं आणि मग आत ठेवायचं, असं ठरलेलं. आठ दिवस सून ती प्रार्थना घोकून घेत होती. शेवटी तिची पोर येशूला घरी बोलावणार होती, आणि तेही सासूच्या देखत! सुनेनं डोळे मिटले.

"बाळ येशू," ठकी म्हणाली, "आमच्या घरी येऊ नकोस."

सुनेचे डोळे उघडले.

"इथे तीनच काड्या आहेत. मी खूप टाकल्या होत्या, पण त्या निघतात. तू रात्री रडलास तर मम्मी ह्यासुद्धा काढेल. तू शेजारच्यांकडे जा. त्यांच्याकडे मोठी गादी आहे. आमेन."

"आमेन!" धाकटा ओरडला. त्याला तेवढंच येत होतं.

सुनेनं सासूकडे पाहिलं. आता ही तोंडसुख घेणार, घेऊ दे, तिनं आज काहीही ऐकून घेतलं असतं. पण सासूनं तोंडाला पदर लावला होता. नवरा पहिल्यांदाच बायकोकडे रागानं बघत होता.

"अगं नाही गं राणी, असं नसतं," सून म्हणाली. तिनं पेंढ्याची पिशवी ओढली, मूठ भरून गव्हाणीत टाकली, दुसरी मूठ, तिसरी. पेंढा टेबलावर सांडला, साडीला चिकटला, जमिनीवर पडला. "हे बघ, किती आहे! बघ ना. आता बोलव त्याला. बोलव की गं."

ठकीनं मूर्ती स्वेटरच्या आत छातीशी धरली आणि एक पाऊल मागे सरकली.

"आता कशाला, मम्मी? मी सांगितलं ना त्याला. तो सगळं ऐकतो, तूच म्हणतेस."