विमानाने आलेलं रीळ

मी रीळ बोलतोय. जेवणाच्या ताटलीएवढं, संगणकाच्या काळपट चुंबकीय फितीचं. १९८४ साली कॅलिफोर्नियात माझ्यावर निरोप भरले आणि टपालाच्या पिशवीत घालून मला विमानाने मेलबर्नच्या एका विद्यापीठात धाडलं.

तिकडे अमेरिकेत एक संगणक दुसऱ्याला फोन लावायचा, चर्चेतले निरोप द्यायचा, दुसरा तिसऱ्याला. आज लिहिलेलं उद्या पन्नास गावांत. समुद्रापार मात्र ते आम्हा रिळांच्या पोटातून, आठवड्याचे एकदम यायचे. मेलबर्नची मंडळी म्हणायची, आलं वरातीमागून घोडं. म्हणोत. घोडं लंगडं नव्हतं.

त्या खेपेला तिथल्या संगणक विभागातल्या मर्लने मला यंत्रावर चढवलं. तिने लिहिलेला एक प्रोग्राम महिन्यापूर्वीच साऱ्यांना वापरायला दिला होता. सुरुवातीलाच ओहायोच्या लॉइडचा निरोप निघाला: मेलबर्नच्या मर्लचा प्रोग्राम फायली खातो, काढून टाका. त्याखाली दोन दिवसांत चाळीस गावांहून आलेल्या शिव्या.

तिचा साहेब कॉलिन पाठीमागून वाचत होता. म्हणाला, "आत्ताच्या आत्ता माफी लिही. प्रोग्राम मागे घेतला म्हणून कळव."

पण आमच्याकडे रीत होती, रीळ संपल्याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही.

"अर्धं रीळ बाकी आहे, कॉलिन."

"त्यात काय, आणखी शिव्याच असतील."

"मग त्याही वाचते. माझ्याच आहेत ना."

मी फिरत राहिलो. घाई मला येतच नाही. शेवटच्या वेढ्यांत लॉइड पुन्हा सापडला: प्रोग्राम निर्दोष आहे, फायली माझ्याच हातून पुसल्या गेल्या, मर्लची माफी मागतो. त्याखाली मात्र कुणाचं एक अक्षर नव्हतं.

कॉलिन खाकरला आणि चहा टाकायला गेला.

रिळं पुसून, नवे निरोप भरून परत धाडायची पद्धत होती. मर्लने ती माफी दुसऱ्या रिळावर उतरवून अमेरिकेला पाठवली, पुन्हा सगळीकडे फिरवा म्हणून. माझ्यावर चिठ्ठी डकवली, पुसू नये.

आता निरोप डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोचतात. मला हेवा नाही. मला वाचणारं यंत्र मोडीत गेलं, मर्ल निवृत्त झाली, मी फडताळात आहे. पण अजूनही कुणीतरी तिला विचारतं, फायली खाणारा प्रोग्राम तुझाच ना?

तेव्हा फडताळ आवरणाऱ्या बाबांनो, मला फेकू नका. तो आरोप कुठल्या कुठल्या यंत्रांत अजून पडून असेल. त्याचं उत्तर माझ्या पोटात आहे.